हिवाळ्यात आरव्हीनं फ्लोरिडाला निघण्याआधी: मिशिगनचं घर बंद कसं करावं, गाडी तयार कशी करावी

डेट्रॉईटच्या आसपासच्या उपनगरांत दिवाळीचा फराळ संपत आला की निवृत्त मंडळी एकमेकांना विचारू लागतात, "मग, कधी निघताय?" काही जण चार महिन्यांसाठी पुण्या-मुंबईला जातात. काही जण आमच्यासारखे आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन आय-७५ महामार्गानं फ्लोरिडाकडे उतरतात. इथे आम्हाला स्नोबर्ड म्हणतात. दर वर्षी एखादं नव्यानं निवृत्त झालेलं जोडपं फोन करून "सुरुवात कुठून करायची?" असं विचारतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते आहे. घराबद्दलचा भाग भारतात जाणाऱ्यांनाही जसाच्या तसा लागू आहे.

यादी लांबलचक असली तरी तिच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. घरातलं पाणी वेळेवर काढायचं आणि आरव्हीत ते योग्य जागी पोचल्यावरच भरायचं. हे दोन्ही जमलं तर बाकीच्या चुका निस्तरता येतात. हे चुकलं तर मार्चमध्ये परत आल्यावर तळघरात गुडघाभर पाणी आणि भिंतींवर बुरशी दिसू शकते.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरकायची कामं

काही कामं आयत्या वेळी होत नाहीत. फर्नेसचं, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्राचं, सर्व्हिसिंग सप्टेंबरमध्येच करून घ्या, कारण पहिली थंडी पडली की तंत्रज्ञ मिळणं मुश्कील होतं. त्याच वेळी नवा फिल्टर घाला. फर्नेसला हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर जोडलेला असेल तर त्याचं पाणी कुठून बंद होतं ते तंत्रज्ञाकडूनच दाखवून घ्या.

बर्फ काढणाऱ्याशी हिवाळाभराचा करार ऑक्टोबरमध्ये करा. "आपण तिथे नसताना ड्राइव्हवे कशाला साफ करायचा?" असं बरेच जण म्हणतात. पण पाऊलखुणा न उमटलेल्या बर्फावरून घर रिकामं आहे हे रस्त्यावरून कोणालाही कळतं. शिवाय शेजाऱ्याला किंवा अग्निशमन दलाला आत यायची वेळ आली तर वाट मोकळी हवी.

घराच्या विम्याची पॉलिसी बाहेर काढून दोन गोष्टी वाचा. घर किती दिवस रिकामं राहिलं तर संरक्षण कमी होतं? पाईप गोठून झालेल्या नुकसानीबद्दल काय अट आहे? बहुतेक पॉलिसींत अट अशी असते की तुम्ही घरात उष्णता चालू ठेवलेली हवी किंवा पाणी बंद करून पाईप रिकामे केलेले हवेत. आम्ही दोन्ही करतो. एजंटला तारखा ईमेलनं कळवा आणि त्याचं उत्तर जपून ठेवा. तोंडी दिलेल्या होकाराचा दाव्याच्या वेळी उपयोग होत नाही.

फ्लोरिडातल्या जागेचं बुकिंग तर याच्याही कितीतरी आधी करायला हवं. तिथल्या सरकारी उद्यानांत, म्हणजे स्टेट पार्क्समध्ये, २०२४ पासून फ्लोरिडाच्या रहिवाशांना ११ महिने आधी आणि बाहेरच्यांना १० महिने आधी आरक्षण करता येतं. जानेवारी-फेब्रुवारीच्या जागा झपाट्यानं भरतात. म्हणून महिन्याच्या भाड्यानं खाजगी आरव्ही पार्क घ्यायचं आणि मधले थोडे दिवस स्टेट पार्कमध्ये काढायचे, हे मला जास्त सोयीचं वाटतं. महिन्याच्या भाड्यात वीज धरलेली आहे की मीटरप्रमाणे वेगळी, हे विचारून घ्या. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो. सप्टेंबर २०२२ अखेर इयान वादळानं फोर्ट मायर्सच्या किनाऱ्याची काय अवस्था केली ते ज्यांनी पाहिलं, ते ऑक्टोबरमध्ये तिकडे आरव्ही नेत नाहीत. नोव्हेंबरच्या मध्यानंतर निघावं. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आदल्या दिवशी आणि त्यानंतरच्या रविवारी मात्र रस्त्यावर असू नये.

टपाल, कर, औषधं

पोस्टाची "होल्ड मेल" सोय जास्तीत जास्त ३० दिवसांची असते, म्हणून ती आपल्या उपयोगाची नाही. तात्पुरता पत्ताबदल मागा. तो आधी सहा महिन्यांपर्यंत मिळतो आणि वाढवून वर्षापर्यंत नेता येतो. मात्र बँकेची कार्डं आणि काही सरकारी पत्रं पुढे न पाठवता परत जातात. त्यामुळे शक्य तेवढं कागदाविना करून घ्या आणि उरलेल्यासाठी एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा.

मिशिगनमध्ये हिवाळी मालमत्ता कराचं बिल १ डिसेंबरच्या सुमारास निघतं आणि साधारण १४ फेब्रुवारीपर्यंत भरायचं असतं. त्या वेळी आपण समुद्रकिनारी असतो, म्हणून ऑनलाइन भरण्याची तारीख कॅलेंडरवर घाला. वयाची ७३ वर्षं पूर्ण झाली असतील तर निवृत्ती खात्यातून सक्तीनं काढायची वार्षिक रक्कम ३१ डिसेंबरच्या आत निघाली आहे ना, तेही पाहा. पहिल्या वर्षापुरती त्यात सवलत असते.

मेडिकेअरची, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याची, योजना बदलण्याची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर असते, म्हणजे नेमकी आपल्या निघण्याच्या गडबडीत. मूळ मेडिकेअर देशभर चालतं. मेडिकेअर अॅडव्हान्टेजच्या, म्हणजे खाजगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या, बऱ्याच योजना मात्र स्थानिक डॉक्टरांपुरत्या असतात आणि बाहेर फक्त तातडीचे उपचार देतात. फ्लोरिडात चार महिने राहणाऱ्यानं हे निघण्याआधी तपासलं पाहिजे. भारतात जाणाऱ्यांनी तर प्रवास विमा वेगळा घ्यावाच, कारण मेडिकेअर तिथे सहसा काहीच देत नाही.

औषधं ९० दिवसांची घ्या. ज्या औषध दुकानांच्या शाखा दोन्ही राज्यांत आहेत अशा ठिकाणी प्रिस्क्रिप्शन ठेवा. इन्सुलिन असेल तर आरव्हीच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर लावा. तिथे ३६ ते ४६ अंश फॅरनहाइट तापमान टिकायला हवं आणि गाडीतले फ्रिज घरच्यासारखे स्थिर नसतात. मिशिगनमध्ये "पेशंट अॅडव्होकेट" (आपण बोलू शकत नसलो तर उपचारांचे निर्णय घेणारी व्यक्ती) नेमण्याचं जे कागदपत्र असतं, त्याची प्रत दोघांच्याही फोनमध्ये हवी.

घरातलं पाणी

हे काम निघण्याच्या दिवशी करायचं, पण त्याची रंगीत तालीम आठवडाभर आधी करा, तीही दोघांनी. आपल्या पिढीत बरेचदा घरातल्या यंत्रांची माहिती एकालाच असते. वाटेत तोच माणूस आजारी पडला तर दुसऱ्याला फोनवरून शेजाऱ्याला "व्हॉल्व्ह कुठे आहे" एवढंही सांगता येत नाही. मुख्य व्हॉल्व्ह, वॉटर हीटर, ब्रेकर या सगळ्यांवर मराठीत लिहिलेल्या चिठ्ठ्या लावा आणि शेजाऱ्यांसाठी त्यांच्या बाजूलाच इंग्रजीतही.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पण पाईप बहुधा बर्फ जमतो त्याच जागी फुटत नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी अडकतं, त्याचा दाब वाढत जातो आणि पाईप तिथे फुटतो. म्हणून पाणी बंद करणं जितकं महत्त्वाचं, तितकंच नळ उघडे ठेवणंही.

क्रम असा ठेवा. आधी वॉटर हीटर: विजेचा असेल तर ब्रेकर बंद, गॅसचा असेल तर "व्हेकेशन" किंवा "पायलट"वर. टाकी रिकामी करणार असाल तर गॅस पूर्ण बंद करा. पाणी नसलेली टाकी तापली तर निकामी होते. मग मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. दांडीचा व्हॉल्व्ह असेल तर दांडी पाईपला आडवी आली म्हणजे तो बंद झाला. विहीर असेल तर पंपाचा ब्रेकरही पाडा.

नंतर सगळ्यात वरच्या मजल्यावरचा नळ उघडा आणि मग तळघरातला सगळ्यात खालचा. वरून हवा आत शिरली की खालून पाणी निघून जातं. गरम आणि थंड दोन्ही बाजू उघडायच्या, शॉवरसुद्धा. प्रत्येक संडास फ्लश करा आणि टाकीत उरलेलं पाणी स्पंजनं टिपा. वॉशिंग मशीनच्या मागचे दोन्ही कॉक बंद करून नळ्या सोडवा. फ्रिजच्या बर्फयंत्राची बारीक नळी आणि डिशवॉशरच्या तळाशी साचलेलं पाणी बहुतेक जण विसरतात. बाहेरच्या नळाला लावलेली बागेची नळी तर ऑक्टोबरमध्येच काढायला हवी, कारण ती लावलेली राहिली तर आतलं पाणी निघत नाही.

आता सिंक आणि संडासांच्या वळणदार पाईपांकडे वळू. तिथलं पाणी गटाराचा वास अडवतं. चार महिन्यांत ते सुकून जातं आणि घरभर वास पसरतो. प्रत्येक मोरीत, शॉवरच्या जाळीत आणि तळघराच्या जमिनीतल्या निचऱ्याच्या भोकात कपभर गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) ओता, संडासाच्या भांड्यात थोडं जास्त. हे आरव्हीचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ. गाडीच्या इंजिनात घालायचं हिरवं कधीच वापरू नका, ते विषारी असतं.

यात अपवाद आहेत आणि ते नीट पाळायला हवेत. घर गरम पाण्याच्या रेडिएटरवर चालत असेल किंवा आगीसाठी छतात फवारे बसवलेले असतील, तर त्या पाण्याला स्वतः हात लावू नका. प्लंबरला बोलवा. आणि घराची वीज मुळापासून बंद करू नका. तळघरात झिरपलेलं पाणी बाहेर टाकणारा संप पंप चालू राहिलाच पाहिजे, शिवाय त्याला बॅटरीचा आधार हवा. मिशिगनमध्ये जानेवारीतही मध्येच बर्फ वितळतो आणि पाऊस पडतो.

थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १३ सेल्सिअसवर ठेवा. त्याखाली नेऊन वाचणारा गॅस फार नसतो आणि लाकूड, रंग, पियानो यांचं नुकसान होतं. तापमान उतरलं की फोनवर सूचना देणारं यंत्र बसवा. ते वायफायवर अवलंबून असेल तर वीज गेल्यावर गप्प होतं, म्हणून मोबाइल नेटवर्कवर चालणारं घ्या. तेही पुरेसं नाही. आठवड्यातून एकदा माणसानं आत येऊन तळघरापर्यंत जायला हवं आणि बाहेर फर्नेसच्या धुराड्याचं तोंड बर्फानं बुजलेलं नाही ना, हे पाहायला हवं.

स्वयंपाकघर, देवघर, तुळस

फ्रिज पूर्ण रिकामा करून, पुसून, बंद करून दारं उघडी ठेवा. दारांत टॉवेल अडकवला की ती मिटत नाहीत. फ्रीझर चालू ठेवायचा असेल तर पेलाभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मध्ये वीज गेली होती असं समजून सगळं टाकून द्या.

डाळी, तांदूळ, पिठं घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवा. उंदरांना थंडीत आसरा हवा असतो आणि कणकेची उघडी पिशवी त्यांना लगेच सापडते. देवघरात निघताना नंदादीप ठेवायचा मोह होतो, पण रिकाम्या घरात ज्योत नको. एखादी मूर्ती किंवा टाक सोबत घ्या आणि पूजा गाडीत करा.

तुळशीला ५५ अंशांत, बंद पडद्याआड चार महिने काढता येत नाहीत. दक्षिणेकडची भरपूर उन्हाची खिडकी असलेल्या मैत्रिणीकडे ती ठेवायला द्या आणि बोटभर खोल माती सुकल्यावरच पाणी घालायला सांगा. थंडीत तुळस पाण्याअभावी मरते त्यापेक्षा जास्त पाण्यानं मरते. खबरदारी म्हणून मंजिऱ्या वाळवून बी ठेवा.

आरव्ही: आधी टायर, मग बाकी सगळं

आरव्हीचे टायर झिजून नव्हे, तर उभे राहून म्हातारे होतात. टायरच्या बाजूला कोरलेल्या संकेताचे शेवटचे चार आकडे पाहा. ३८१९ असेल तर तो २०१९ च्या ३८ व्या आठवड्यात बनलेला आहे. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि सात झाली की नक्षी कितीही खोल दिसली तरी बदला. मागच्या जोडटायरांपैकी आतला टायर वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. तो जरूर बघा.

हवा टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे भरा. तापमान १० अंश फॅरनहाइटनं बदललं की दाब सुमारे दोन टक्क्यांनी बदलतो. मिशिगनच्या गोठलेल्या सकाळी भरलेली हवा फ्लोरिडाच्या ८० अंशांत बरीच जास्त होते. म्हणून दर सकाळी, निघण्याआधी, मोजायचं.

सामान भरून झालं की महामार्गावरच्या ट्रक स्टॉपमधल्या काट्यावर गाडी तोलून घ्या. फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावरच्या आरव्हीची कमाल वजनमर्यादा साधारण १४,५०० पौंड असते आणि गाडी रिकामी असतानाच त्यातला मोठा भाग संपलेला असतो. ४० गॅलन पाण्याचंच वजन ३३० पौंडांच्या वर जातं. आपल्याकडे तर तांदळाची २० पौंडी पिशवी, कणीक, तेलाचे डबे, कुकर आणि पुस्तकं हे सगळं "लागेलच" म्हणून भरलं जातं. भारतीय किराणा टँपा, ऑरलँडो इथे सहज मिळतो. वाटेतल्या चार दिवसांपुरते पोहे, मेतकूट, भाजणी आणि चहाचा मसाला पुरे. फोडणी गाडीच्या आत करू नका. तिचा वास गाद्यांत महिनोन्‌महिने राहतो आणि धुराचा अलार्म वाजतो. बाहेरच्या टेबलावर इंडक्शनची शेगडी मांडली की काम भागतं.

छतावर चढून, किंवा चढणं जमत नसेल तर कोणाला तरी पाठवून, खिडक्या, पंखे आणि एसीच्या भोवतीचं सीलंट तपासा. केसाएवढी भेग असली तरी भरून घ्या, कारण पाणी आत शिरलं तर भिंतीचं लाकूड कुजल्यावरच ते कळतं. धूर, कार्बन मोनॉक्साइड आणि प्रोपेन या तिन्हींच्या अलार्मच्या मागे बदलायची तारीख असते. बॅटरी नवी असली तरी जुना अलार्म निकामी होऊ शकतो. गॅसच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. जनरेटर महिन्यातून एकदा निम्म्या भारावर चालवा. शिशाच्या बॅटऱ्या पूर्ण भरल्यावर, थोडा वेळ थांबून, १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हव्यात. गाडीची उंची कागदावर लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवा. दोघांनीही रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी वळवण्याचा आणि मागे घेण्याचा सराव करा.

आरव्हीतलं पाणी उशिरा भरा

ऑक्टोबरच्या मध्यापासून इथे रात्री पारा गोठणबिंदूखाली जाऊ लागतो. त्याआधी गाडीचे पाईप रिकामे करून गुलाबी अँटीफ्रीझनं भरून ठेवलेले असतात. निघायच्या उत्साहात ते काढून टाकी भरू नका. ओहायो, केंटकी, टेनेसीतल्या रात्री नोव्हेंबरअखेर सहज गोठतात. तोपर्यंत प्यायला आणि स्वयंपाकाला बाटल्यांतलं पाणी वापरा. संडासासाठी जगनं पाणी ओता आणि प्रत्येक वेळी थोडं अँटीफ्रीझ घाला.

जॉर्जियाच्या दक्षिण भागात, वाल्डोस्टाच्या आसपास, रात्री उबदार आहेत असा अंदाज बघून मुक्काम करा. तिथे पाईपांतलं गुलाबी पाणी फेस जाईपर्यंत वाहू द्या. मग दर १५ गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच टाकीत घाला, प्रत्येक नळाला वास येईपर्यंत सोडा, किमान चार तास तसंच ठेवा आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. वॉटर हीटरची बायपास चावी (हिवाळ्यासाठी हीटर वगळून पाणी नेणारी) पूर्ववत करून टाकी भरल्याची खात्री झाल्यावरच तो सुरू करा. पार्कच्या नळाला दाब-नियंत्रक आणि विजेच्या खांबाला सर्ज प्रोटेक्टर लावल्याशिवाय गाडी जोडू नका.

निघण्याची सकाळ आणि चार दिवसांचा रस्ता

डेट्रॉईट ते टँपा सुमारे १,२०० मैल आहे. तरुण लोक हे दोन दिवसांत करतात, आपण चार घ्यावेत. दिवसाला ३०० मैल आणि दुपारी चारच्या आत मुक्काम. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेलेली असतात, अंधार लवकर पडतो आणि अनोळखी पार्कमध्ये अंधारात गाडी लावण्यासारखा ताण नाही. चालत्या गाडीत प्रोपेनचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. दार उघडलं नाही तर प्रोपेनवर चालणारा फ्रिज काही तास तसाच थंड राहतो.

केंटकी-टेनेसी सीमेवर जेलिकोचा डोंगर लागतो. उतारावर ब्रेक दाबून न ठेवता खालच्या गिअरवर उतरा. नॉक्सव्हिल आणि चॅटनूगाच्या मध्ये कॅल्हूनजवळ, हायवासी नदीच्या खोऱ्यात, दाट धुकं पडतं. ११ डिसेंबर १९९० रोजी तिथे ९९ गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि १२ जण गेले. त्यानंतर तिथे धुक्याचा इशारा देणारी यंत्रणा बसवली. तरीही त्या पट्ट्यात पहाटे जाऊ नका, नाश्ता करून धुकं विरल्यावर निघा. अॅटलांटा सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान किंवा रविवारी ओलांडा. पुढे मेकनला आय-४७५ चा वळसा घेतला की शहर टळतं.

पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत जवळचं अर्जंट केअर आणि हॉस्पिटल गाडीनं जाऊन पाहून या. पार्कचा पूर्ण पत्ता आणि जागेचा क्रमांक फ्रिजवर लावा, कारण पार्कमधल्या कुठल्या जागेत तुम्ही आहात हे ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर सांगायची वेळ घाबरलेल्या माणसावर येते. मिशिगनमध्ये पहिली कडाक्याची लाट आली की शेजाऱ्याला फोन करून तळघरात जाऊन यायला सांगा आणि संप पंप चालतोय का, तेही विचारा.